खोड सांगणारे दाजी

दाजी गेल्याची बातमी मला खडी फोडणाऱ्या बायकांच्या घोळक्यात उभा असताना कळली. पारनेर तालुक्यातल्या एका उघड्याबोडक्या माळावर दुष्काळी काम चालू होतं आणि बांधकाम खात्यातला कारकून म्हणून माझी तिथं नेमणूक झाली होती. दुपारी खात्याची जीप धुरळा उडवत आली. ड्रायव्हर खाली उतरला आणि नेहमीसारखी बिडी न पेटवता माझ्याकडं नुसता बघत उभा राहिला... तेव्हाच काहीतरी कमीजास्त झालंय हे मी ओळखलं. "घोडेगावचं तुमचं पाव्हणं..." एवढंच तो म्हणाला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. घोडेगावला जनावरांची छावणी उघडली होती. तिथं बैलांपुढं वैरण टाकून ते बाभळीच्या बुडाशी टेकले, ते टेकलेलेच राहिले. शेजारच्या माणसाला वाटलं, डोळा लागला असेल.

जीपमध्ये बसलो आणि पहिला विचार मनात आला तो हा की, ते परत आलं. ते म्हणजे दाजींच्या लघवीच्या पिशवीचा कॅन्सर. पुण्याला ऑपरेशन होऊन दोन वर्षं उलटली होती आणि तेव्हापासून दर तीन महिन्यांनी दाजी तपासणीसाठी नगरला यायचे. दर खेपेला साफ निघायचं. नेमक्या शेवटच्या तपासणीला मी माळावर अडकलेला, त्यामुळं जाता आलं नव्हतं. पुढं कळलं की हा विचार एकट्या माझ्या डोक्यात नव्हता. दहाव्याला जमलेली माणसं आपापसात तेच बोलत होती. रोग उलटला असणार, म्हाताऱ्यानं कुणाला कळू दिलं नाही... आणि हे बोलणं फिरत फिरत अक्काच्या कानापर्यंत गेलं होतं.

तेराव्याचे पाहुणे पांगल्यावर अक्कानं मला चुलीपाशी बोलावलं. इतक्या दिवसांत ती रडली नव्हती. बायका तिला रडवायचा प्रयत्न करून थकल्या होत्या.

"वसंता, दवाखान्यात जाऊन ये. डाक्टरला इचार, मागच्या खेपेला काय निघालं ते. मला खरं काय ते पायजे."

"दाजी साफ म्हणाले होते ना?"

"म्हनले हुते. पन त्या खेपेला येताना त्यांनी मला पातळ आनलं. आसल्या दुष्काळात. न मागता. उभ्या जन्मात असं कधी केलं न्हाई त्यांनी."

मी म्हटलं, बापूराव बरोबर होते, त्यांना विचार की. बापूराव म्हणजे माझ्या भाचीचे, सुमनचे, सासरे, काष्टीचे. अक्का म्हणाली, "इवायाला कवाच इचारलं. त्यो बी साफच म्हनतो. पन ती दोघं एक झालेली. ह्यांनी रात म्हनली का त्यो रातच म्हननार. त्याच्यावर माझा इस्वास न्हाई."

अक्काला नवरा गेल्याचं दुःख होतंच, पण त्याच्या आड एक राग साचून बसला होता. जो माणूस जन्मभर भर बाजारात सगळ्यांच्या खोडी सांगत आला, त्यानं आपली शेवटची खोड बायकोपासून लपवली की काय? तिला हे पटत नव्हतं आणि मनातून जातही नव्हतं. खरं सांगतो, मलाही तीच धास्ती होती.

दाजी घोडेगावच्या बैलबाजारात दलाली करायचे. घरची कोरडवाहू जमीन होती, पण त्यांचा जीव बाजारात. उंच, काटक, डोक्याला पांढरा फेटा आणि बोलताना डावा डोळा बारीक करायची सवय. बैल घेणारा आणि देणारा यांचे हात उपरण्याखाली जातात, बोटं दाबून भाव ठरतो आणि भोवती उभ्या असलेल्या माणसांना काही कळत नाही, ही तिथली रीत. दाजींची रीत त्याच्याही आधी सुरू व्हायची. उपरणं पसरायच्या आधी ते मोठ्यांदा सांगायचे, "ऐका हो, ह्यो उजव्या अंगाचा बैल चिखलात जुवाखाली बसतो. कोरड्यात न्हाई बसत. आता घाला हात." विकणारा दातओठ खायचा. बाकीचे दलाल हसायचे. पण लांबून आलेलं गिऱ्हाईक घाईत असलं तरी दाजींची वाट बघत थांबायचं. मी एकदा त्यांना म्हटलं, दाजी, तुम्ही अशानं धंद्याचं मातेरं करता. तर म्हणाले, "खोड सांगितली का मानूस जनावर घिऊन घरी जातो. न्हाई सांगितली का पुढच्या बाजारी भांडान घिऊन परत येतो. मला कोन रोज भांडत बसंल?"

ही सवय त्यांनी बाजारापुरती ठेवली असती तर बरं झालं असतं. माझ्या लग्नाच्या बैठकीत सगळं जुळत आलेलं असताना दाजी माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना म्हणाले, "पोरगं निर्व्यसनी हाय, सरकारी नोकरी हाय. पन सकाळी उठत न्हाई. हलवून उठवावं लागतं. मागनं म्हनू नका सांगितलं न्हाई." बैठकीत हशा झाला. माझी बायको आजही सकाळी मला हलवताना म्हणते, "तक्रार नाही, दाजींनी आधीच सांगितलं होतं." माझा या माणसावर फार जीव होता. हे आता लिहायला हरकत नाही. त्यांच्यासमोर असलं काही बोललो असतो तर ताप आलाय का म्हणून त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला असता.

आजाराचं सांगायचं तर तो त्यांच्या या स्वभावामुळंच वेळेवर सापडला. एका उन्हाळ्यात त्यांना लघवी लाल झाली. दुखत नव्हतं, जळजळत नव्हतं, नुसती लाल. अक्का म्हणाली उन्हाळी लागली असेल, आणि धने-जिऱ्याचं पाणी द्यायला लागली. गावातल्या दुसऱ्या कुणी चारचौघांत हे तोंडातून काढलं नसतं, लाजेनं वर्षभर दाबून ठेवलं असतं. दाजी दुसऱ्याच दिवशी एस.टी.त बसून नगरला माझ्या दारात हजर. माझ्या बायकोनं चहा आणला, तिच्यासमोरच म्हणाले, "वसंता, मला लाल व्हतीया. चल दवाखान्यात." ती बिचारी कप ठेवून आत पळाली. मी म्हटलं, दाजी, जरा हळू. तर म्हणाले, "जनावर लाल मुताया लागलं तर मालक हळू बोलत बसतो व्हय? थेट डाक्टर गाठतो. मी काय जनावरापेक्षा कमी हाय?"

नगरच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. पुण्यात पिशवीतली गाठ निघाली, ती काढली आणि मोठे डॉक्टर म्हणाले, लवकर आलात म्हणून निभावलं. ते डॉक्टर महिन्यातून एकदा नगरला एका दवाखान्यात यायचे, त्यामुळं पुढची तपासणी तिथंच व्हायची ठरली. त्यांनी दाजींना नीट समजावून सांगितलं. हा रोग काढला तरी पुन्हा उगवायच्या स्वभावाचा असतो, म्हणून दर तीन महिन्यांनी आत दुर्बीण घालून बघायचं. दिसलं तर लहान असतानाच काढता येतं. दाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि मान डोलावली. "म्हंजी हरळी हाय. उपटली तरी काडी ऱ्हाती कुटं तरी. मंग वावरात चक्कर मारत ऱ्हायाचं." डॉक्टर पुण्याचे, त्यांना हरळी ठाऊक नव्हती. दाजींनी त्यांना हरळी समजावून सांगितली आणि बाहेर पेशंट खोळंबले.

पहिल्या तपासणीची आठवण अजून हसवते. नर्सबाईंनी सांगितलं, सगळे कपडे काढून हा झगा घाला. दाजींनी सगळं काढलं, झगा घातला आणि वर फेटा तसाच. बाई म्हणाल्या, आजोबा, फेटासुद्धा. दाजी म्हणाले, "बाई, फेटा डोक्याला हाय. तुमचं काम तिकडं खाली हाय. डोक्याचं काय करता?" शेवटी ते फेट्यासह आत गेले आणि पुढंही दर खेपेला फेट्यासहच जात राहिले. बाहेर आले तेव्हा चेहरा पांढरा पडलेला, चालताना पाय फाकलेले. मी विचारलं, फार दुखलं का? म्हणाले, "दुखायचं ऱ्हाऊ दे. खुराला पत्री मारायला बैलाला पाडत्यात ना, दोरखंडानं पाय बांधून? तसं पाडलं मला. आजवर किती बैल पाडले आसतील मी... त्येंला काय वाटत आसंल ते आज कळलं." त्यानंतर त्यांनी पत्री मारताना बैलाच्या मानेवर हात फिरवत बसायला सुरुवात केली, असं अक्का सांगते.

दवाखान्याच्या व्हरांड्यात एक लांब लाकडी बाक होता. हाक येईपर्यंत तिथं बसावं लागे, कधी तासन् तास. मला तो वेळ खायला उठायचा. दाजी मात्र बाजारात बसल्यासारखे ऐसपैस. शेजारच्याला विचारायचे, "तुमचं काय?" तो काहीतरी पुटपुटायचा. मग स्वतःचं मोठ्यानं सांगायचे, "माझी लघवीची पिशवी. कॅन्सर हुता, काढला." एकदा असं सांगितल्यावर शेजारचा गृहस्थ हळूच सरकला. त्या काळी लोकांना वाटायचं, अजूनही वाटतं, की हा रोग लागतो. दाजी त्याला म्हणाले, "लागट न्हाई, डाक्टरला इचारलंय मी. तरी बी सरकायचं तर सरका. मला पाय पसरायला जागा हुईल." तो माणूस ओशाळला आणि परत जवळ येऊन बसला. पुढं दोघांनी मिळून माझ्याकडच्या शेंगा संपवल्या. पण आत जायची हाक आली की दाजी एक क्षण थांबायचे. फेट्याला हात लावायचे आणि मग उठायचे. भीती त्यांनाही होती, फक्त तिची जाहिरात ते करत नसत.

सुमनच्या लग्नाची गोष्ट याच काळातली. ऑपरेशनला काही महिने झाले होते. काष्टीच्या बापूरावांचं स्थळ आलं. मुलगा मॅट्रिक झालेला, विहीर-बागायत, माणसं चांगली. बापूरावांनी एकदा घोडेगावहून बैलजोडी नेली होती, तीही दाजींच्या मध्यस्थीनं. त्या ओळखीवरच त्यांनी मुलगी मागितली. घरात आनंद, पण अक्काला भीती आजाराची. तिनं आणि मी मिळून ठरवलं की दाजींचं ऑपरेशन मूतखड्याचं झालं असं सांगायचं. लग्न होऊन जाऊ दे, मग बघू. ज्याच्या घरी कॅन्सर त्याची मुलगी कोण करणार? दाजी आमचं बोलणं ऐकत पान लावत बसले होते. हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. आम्हाला वाटलं, मान्य आहे.

सुपारी फोडायच्या दिवशी काष्टीची मंडळी आली. जेवणं झाली, सगळं ठरलं. बापूरावांचे थोरले चुलते सुपारी हातात घेऊन अडकित्ता मागत होते. दाजी म्हणाले, "थांबा जरा. एक खोड सांगायची ऱ्हायली." दारामागं अक्काच्या बांगड्या वाजल्या त्या तशाच थांबल्या. दाजी म्हणाले, "पोरीत काय खोड न्हाई. खोड माझ्यात हाय. मला लघवीच्या पिशवीचा कॅन्सर झाल्ता. पुन्याला काढला. आता साफ हाय, पन तीन महिन्याला तपासाया लागतं. उद्या उलटू बी शकतो. मागनं कळून तुमी पोरीला बोलण्यापरीस आजच कळू द्या."

चुलत्यांनी सुपारी बापूरावांकडं दिली. बापूरावांनी ती उलटसुलट करून बघितली आणि खिशात टाकली. "आज ऱ्हाऊ द्या," एवढंच म्हणून मंडळी उठली. सुमन परसात जाऊन बसली. अक्का त्या दिवशी दाजींशी काय काय बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. मीही त्यांना सोडलं नाही. दाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "बैल बसला तर शेतकऱ्याचा एक दिस जातो. सून आणून सासरा फसला तर पोरीचा जलम जातो. तुमीच सांगा, कुटली खोड आदी सांगायची?" अक्कानं पाठ फिरवली. पण आवाज बदलला होता दाजींचा, तो मला ऐकू आला. त्यांनाही सुमनचं लग्न मोडायला नको होतं, आमच्याहून कणभर जास्तच नको होतं.

काही दिवसांनी काष्टीहून निरोप आला. लग्नाचं काही नव्हतं त्यात. फक्त विचारलं होतं, पाव्हण्यांची पुढची तपासणी कधी आहे. आम्ही तारीख कळवली. त्या सकाळी बापूराव नगरला माळीवाड्याच्या स्टँडवर उतरून टांग्यानं थेट माझ्या घरी आले. ठेंगणे, जाड भिंगांचा चष्मा, बोलायला कमी. आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. बाकावर दाजी मध्ये, मी एकीकडं, बापूराव दुसरीकडं. खरेदीदार जनावर पारखायला आलाय हे दाजींना कळत होतं, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. बसल्या बसल्या ते बापूरावांना त्या बैलजोडीबद्दल विचारत होते. "त्यो उजवा बसतो का अजून?" बापूराव म्हणाले, "तुमी सांगितल्यापासनं एकदा बी बसला न्हाई." दाजी मनापासून हसले.

तपासणी झाली. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, स्वच्छ आहे. बापूराव उठून त्यांच्यासमोर उभे राहिले. "ह्यो रोग पोरीला हुईल का?" डॉक्टर म्हणाले, नाही. "लागट हाय का?" नाही. मग त्यांनी ते विचारलं जे विचारायचं धाडस आमच्यापैकी कुणाला झालं नव्हतं. "मानूस किती दिस टिकंल?" डॉक्टर म्हणाले, "दुर्बिणीतून दिसतं तेवढंच मी सांगू शकतो. आज काही नाही. पुढचं तुमचं-माझंही कुणाला सांगता येत नाही." बापूरावांनी मान हलवली. घरी आल्यावर त्यांनी माझ्या बायकोकडं अडकित्ता मागितला, खिशातून सुपारी काढली आणि आमच्या ओट्यावर बसून फोडली. दाजींच्या हातावर खांड ठेवत म्हणाले, "मी सून नेतोय. बैलागत तुमचे दात मोजायला आलो नव्हतो. पन सांगितलंत ते बरं केलंत." दाजींनी फेट्याच्या शेवानं डोळे पुसले आणि ऊन लागतंय म्हणाले. आम्ही सावलीत बसलो होतो.

लग्न धूमधडाक्यात झालं. पण खरी गंमत त्याच्या पुढं आहे. पुढच्या तपासणीला बापूराव पुन्हा आले. मला वाटलं, अजून खात्री झाली नसेल. त्याच्या पुढच्या खेपेलाही आले. मग माझ्या लक्षात आलं की हे आता तपासायला येत नाहीत, भेटायला येतात. आमच्याकडं व्याह्याव्याह्यांची भेट म्हणजे मानपानाचं ओझं. दाजी काष्टीला गेले तर पाय धुवायला पाणी, टॉवेल-टोपी, गोडाचं जेवण, पंगतीत कोण कुठं बसलं याची नोंद. शिवाय मुलीच्या घरचं पाणी प्यायचं नाही असं दाजींच्या आईनं त्यांच्याकडून कबूल करून घेतलेलं, ते त्यांनी शेवटपर्यंत पाळलं. बापूराव घोडेगावला आले तरी तीच तऱ्हा. दोघांनाही एकमेकांशी निवांत बोलायला जागा नव्हती. दवाखान्याच्या बाकावर मात्र मानपान नव्हता. तिथं दोघं शेजारी बसून तंबाखू मळायचे, बैलांच्या, पिकांच्या, नातवंडांच्या गोष्टी करायचे. दाजी आत गेले की बापूराव दाराकडं बघत बसायचे आणि ते बाहेर आले की आधी चष्मा काढून पुसायचे. मी हळूहळू तिसरा झालो, आणि मला त्याचं काही वाईट वाटलं नाही.

मग दुष्काळ आला. बाजारात जनावरांची रीघ लागली आणि दाजींनी दलाली बंद केली. मी विचारलं तर म्हणाले, "ह्या दिसांत मालक जनावर विकत न्हाई, त्याची भूक विकती. भुकंची दलाली कशी घ्यायची?" छावणी उघडल्यावर ते रोज तिथं जायचे. ओळखीची, बिनओळखीची, सगळ्यांची जनावरं बघायचे. माझी शेवटची भेट तिथलीच. एका गाईच्या शिंगाला हळद लावत होते. तपासणीचा विषय निघाला तेव्हा म्हणाले, "तू तुज्या कामावर ऱ्हा. मी अन् इवाय जाऊन येतो. काय नवीन हाय का त्यात?" मी वळून निघालो तेव्हा मागून ओरडले, "अन् सकाळी उठत जा!" हे त्यांचे माझ्याशी बोललेले शेवटचे शब्द.

तर अक्कानं सांगितल्याप्रमाणं मी दवाखान्यात गेलो. डॉक्टर यायच्या दिवशी सकाळीच बाकावर जाऊन बसलो. तो बाक मला इतका लांब कधी वाटला नव्हता. माझी पाळी आली. डॉक्टरांनी मला ओळखलं आणि माझ्या मागं बघितलं, दाजी येतायत का म्हणून. मी सांगितलं. ते खुर्चीत मागं टेकले. कसे गेले, घाम आला होता का, छातीत दुखत होतं का, लघवीत रक्त होतं का, सगळं विचारलं. मग म्हणाले, हे हृदयाचं दिसतंय.

"डॉक्टरसाहेब, शेवटच्या तपासणीत काय निघालं होतं? बहिणीला खरं कळायला हवंय."

"काही नाही. अगदी स्वच्छ. उलट मी त्यांना म्हटलं, दोन वर्षं काही निघालेलं नाही, आता दर तीन महिन्यांनी यायचं कारण नाही. वर्षातून एकदा या." इथं त्यांना हसू आलं. डोळ्यांत पाणी असताना येतं तसलं. "तर ते काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, 'साहेब, दुर्बीण ऱ्हाऊ द्या, तारीख तेवढी द्या.' मी म्हटलं, दुर्बीण नाही तर येऊन करणार काय? म्हणाले, 'बाकावर बसतो. तुमी हाक मारली का आत येतो, रामराम करतो आन् जातो. इवायाला म्हनावं तपासनी हाय. न्हाई तर आमची गाठ कुटं पडायची?' इतक्या वर्षांत माझ्याकडं तारीख मागून घेणारा पेशंट हा एकच. बाकीचे चुकवायला बघतात."

"मग दिली?"

"दिली. न देऊन सांगतो कुणाला?"

मी तडक घोडेगावची एस.टी. धरली. अक्का अंगणात रेशनची लाल मिलो ज्वारी निवडत बसली होती. मी समोर बसलो आणि म्हटलं, "अक्का, साफ होतं. डॉक्टर स्वतः म्हणाले. दाजी खोटं बोलले नाहीत."

तिचा सुपातला हात थांबला. "अगदी साफ?"

"अगदी साफ."

मला वाटलं, तिच्या मनावरचं ओझं उतरेल. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि लहान मुलीसारखं तोंड करून म्हणाली, "मंग जायाचं काय कारन हुतं त्यांना?"

आणि ती रडली. इतके दिवस न रडलेली माझी बहीण सूप बाजूला सारून मोठ्यानं रडली. आम्ही सगळे त्या एका रोगावर डोळा ठेवून बसलो होतो, आणि माणूस गेला तो दुसऱ्याच वाटेनं. रोग उलटला असता तर निदान कुणावर रागावता तरी आलं असतं. आता कुणावर रागवायचं? मीही तिच्याबरोबर रडून घेतलं. शेजारीण कुडावरून डोकावली आणि परत गेली.

बऱ्याच वेळानं मी तिला बाकीचं सांगितलं. वर्षानं या म्हणालेलं, दाजींनी तारीख मागून घेतलेली, बापूरावांनाही हे ठाऊक नसणार ते. ती ऐकत राहिली. मध्येच म्हणाली, "म्हंजी पातळ खुशीत आनलं." आणि थोड्या वेळानं, "मला तरी सांगायचं व्हतं की. मी काय इवायाला सांगनार हुते?" पण आता तिच्या आवाजात राग नव्हता, लटका रुसवा होता. दाजी आत कपडे बदलतायत आणि ती त्यांना ऐकू जाईल असं बोलतेय, असं मला क्षणभर वाटलं.

मग पदरानं तोंड पुसून तिनं विचारलं, "तारीख कवाची हाय?"

मी सांगितली. पुढच्या महिन्यातली होती.

"इवायाला कळीव. म्हनावं, या. मी बी येते आदल्या दिशी नगरला."

"अक्का, पण आता तिथं जाऊन काय..."

"बाकावर बसायचं," अक्का म्हणाली. "त्यांनी मागून घेतलेली तारीख हाय, वसंता. ती मोडायची न्हाई."